अर्ज किती भरावेत: महाराष्ट्रातल्या कॉलेजप्रवेशाचा इतिहास

एका विद्यार्थ्याने किती महाविद्यालयांत अर्ज करावेत, हा प्रश्न महाराष्ट्रात पहिली शंभर वर्षे जवळजवळ कोणालाच पडला नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक ही शाळेची शेवटची परीक्षा होती, तशीच ती विद्यापीठाचीही प्रवेशपरीक्षा होती. ती पार पडली की फी भरायची, नाव घालायचे आणि टर्म भरायला लागायचे. अडसर होता तो परीक्षेचा. बहुतेक मुले तिथेच गळत, म्हणून पुढे वर्गात जागा शिल्लक असे.

निवड करायची म्हटली तरी नावे थोडी होती. मुंबईत एल्फिन्स्टन, विल्सन आणि १८६९ पासून सेंट झेवियर्स, पुण्यात १८६४ मध्ये डेक्कन हे नाव मिळालेले सरकारी कॉलेज आणि १८८५ पासून फर्ग्युसन, कोल्हापुरात राजाराम. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून येणारा मुलगा यातले एक ठरवी, पण ते शिक्षणाच्या दर्जावरून ठरत नसे. कोणत्या गावात नातेवाईक आहेत, शिष्यवृत्ती कुठे मिळेल, वार कुठे लागतील, यावर ते ठरे. आठवड्यातल्या एकेका वारी एकेका घरी जेवायचे, अशी सात घरे जमवणे हे गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याचे प्रवेशाइतकेच महत्त्वाचे काम होते. ज्या जातींतल्या मुलांना अशी घरे उघडी नव्हती, त्यांच्यासाठी कॉलेजची निवड वसतिगृहाच्या निवडीशी बांधलेली राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, त्यामागे हीच अडचण होती. कॉलेजच्या खिडकीवर नावनोंदणी सोपी होती. त्या गावात राहणे आणि जेवणे अवघड होते.

अर्जदार जास्त आणि जागा कमी, ही स्थिती आधी वैद्यक आणि अभियांत्रिकीत आली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आणि पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण १८५४ पासूनचे. प्रयोगशाळा, कार्यशाळा आणि रुग्णालयातल्या खाटा यांमुळे तिथली विद्यार्थीसंख्या वाढवायला मर्यादा होत्या. कला शाखेची कॉलेजे मात्र पसरत गेली. सांगलीचे विलिंग्डन १९१९ मध्ये आणि माटुंग्याचे रुईया १९३७ मध्ये निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला याच सोसायटीचे मिलिंद सुरू झाले. कॉलेज घराजवळ येऊ लागल्यावर जवळच्या कॉलेजात एक अर्ज टाकणे हीच रीत पडली.

ही रीत मोडली ती १९७५ नंतर. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार १०+२+३ चा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन तुकड्या एकदमच शाळांतून बाहेर पडल्या. अकरावी आता शाळेतून कॉलेजच्या इमारतीत गेली आणि ‘ज्युनिअर कॉलेज’ हा शब्द घराघरांत पोचला. दहावीच्या गुणांवर शाखा ठरू लागली, शाखेवर बारावी आणि बारावीवर डॉक्टरकी किंवा इंजिनिअरिंग. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे सगळे भवितव्य एका जूनमध्ये ठरते, ही समजूत याच काळात रुजली. किती अर्ज भरायचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला.

पुढची तीसेक वर्षे जून महिना रांगांचा होता. गुणपत्रिका हातात पडली की पालक आणि मुले कॉलेजांच्या खिडक्यांवर उभी राहत. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, माहितीपुस्तक वेगळे आणि दोन्हींचे पैसे वेगळे. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढायच्या, गॅझेटेड अधिकाऱ्याला गाठून त्यावर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का आणि सही घ्यायची, मग मुंबईत एका दिवसात चर्चगेटपासून माटुंगा, पार्ले करत फॉर्म देऊन यायचे. ठरलेल्या दिवशी फळ्यावर पहिली लिस्ट लागे. नाव नसेल तर कटऑफ किती टक्क्यांनी हुकला ते पाहायचे, दुसऱ्या लिस्टला तो किती उतरेल याचा अंदाज बांधायचा आणि पुढच्या कॉलेजकडे धावायचे. वडिलांना सुट्टी मिळते का, लोकलचा पास कुठपर्यंतचा आहे आणि फॉर्मांना लागणारे पैसे घरात आहेत का, यावर अर्जांची संख्या ठरे. सधन घरातला मुलगा दहा-बारा फॉर्म भरी. गिरणी कामगाराचा मुलगा दोन-तीन भरून थांबे. गुण सारखे असूनही संधी सारखी नव्हती, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी खोट होती.

तरीही या धावपळीत एक भक्कम कुलूप होते: शाळा सोडल्याचा दाखला. फॉर्मला झेरॉक्स चाले, पण प्रवेश पक्का करायला मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रिका जमा करावी लागे. मूळ दाखला एकच असल्याने जागाही एकच धरून ठेवता येई. दुसऱ्या लिस्टला अधिक चांगल्या कॉलेजात नाव लागले, तर आधीच्या ठिकाणी अर्ज देऊन प्रवेश रद्द करायचा, फीमधली कपात सोसायची, दाखला सोडवून घ्यायचा आणि मुदत संपायच्या आत दुसरीकडे पोचायचे. अर्ज कितीही करता येत होते, पण आशा एका वेळी एकाच ठिकाणी ठेवता येत होती.

कॉलेजांची अडचण उलट बाजूने तीच होती. गुणवान मुलांची नावे शहरातल्या पाच-सात कॉलेजांच्या पहिल्या लिस्टमध्ये एकदमच झळकत. त्यातली किती प्रत्यक्ष येतील हे कोणालाच ठाऊक नसे, म्हणून जागा अडत आणि लिस्ट लांबत. हा गुंता फक्त मुंबईचा नव्हता. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेजप्रवेशावर एक छोटासा निबंध लिहिला, त्याची सुरुवातच या अडचणीने होते: ज्याला प्रवेश देऊ केला तो आणखी कुठे अर्ज करून बसला आहे, हे कॉलेजला कळत नाही. त्यांचा उपाय असा की प्रत्येकाने आपली पसंती क्रमाने लिहून द्यावी आणि जुळणी एकाच ठिकाणी व्हावी. हे काम पुढे नेणारे ॲल्विन रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात मध्यवर्ती जुळणीची गरज व्यावसायिक अभ्यासक्रमांनी तीव्र केली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा भराभर वाढल्या, पण त्यांच्याबरोबर देणग्याही वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात जागांची ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ अशी विभागणी करून त्या गुणवत्तेनुसार भरायला सांगितले. तो आराखडा २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने बदलला. संस्थाचालकाच्या केबिनमध्ये ठरणारी जागा सामाईक गुणवत्ता यादीत आली, हे त्या काळाचे मोठे श्रेय आहे. १९९९ पासून वैद्यकीय आणि काही वर्षांनी अभियांत्रिकी प्रवेश राज्याच्या सीईटीवर होऊ लागले.

अकरावीला ऑनलाइन प्रवेश आला २००९ मध्ये, मुंबई महानगर क्षेत्रात. तो काळ वादळी होता. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी काढलेले पर्सेंटाइलचे सूत्र २००८ मध्ये आणि राज्य मंडळाच्या मुलांसाठी ठेवलेला ९०:१० कोटा २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरणारी २०१० ची ‘बेस्ट फाइव्ह’ची पद्धतही उच्च न्यायालयात पडली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली. नियम ऐन जूनमध्ये बदलत असल्याने पालकांचा कल आणखी एक फॉर्म, आणखी एक कॉलेज असा राहिला. ऑनलाइन पद्धतीने त्याला निदान आकार दिला. फॉर्म एक झाला, त्यात कॉलेजांची यादी क्रमाने आली आणि एका विद्यार्थ्याचे नाव एका फेरीत एकाच कॉलेजला लागू लागले. सुरुवातीला डझनावारी पसंतीक्रम भरता येत. नंतर ही मर्यादा दहावर आली.

इथे प्रश्नाचे रूपच बदलले. सगळे एकाच गुणवत्ता क्रमाने घेतले जात असतील आणि यादी हवी तेवढी लांब असेल, तर खरी आवड जशी आहे तशी लिहिणे हेच सर्वांत हिताचे असते; खालचे नाव वर आणून काही साधत नाही. यादीला दहाची मर्यादा घातली की हिशेब पुन्हा डोके वर काढतो. ८५ टक्क्यांच्या मुलीने दहाही नावे ९३ च्या वर कटऑफ असलेल्या कॉलेजांची लिहिली, तर बहुधा पहिल्या फेरीत तिच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आधीच्या वर्षीचे कटऑफ पाहून दोन-तीन नावे आवाक्याच्या थोडी वर, चार-पाच आवाक्यातली आणि निदान दोन हमखास मिळणारी लिहावीत, असा सल्ला शिक्षक देतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. नाकारणारा विद्यार्थी नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. त्यामुळे सगळ्यांत जास्त विचार पहिल्या नावाचा करावा लागतो.

२०२५ मध्ये ही पद्धत सगळ्या राज्यात लागू झाली: नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये, वीस लाखांवर जागा आणि एका अर्जात जास्तीत जास्त दहा नावे. संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि नोंदणी काही दिवस पुढे गेली. पहिल्या फेरीत सव्वासहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांना जागा मिळाली, त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक जणांना पहिल्या पसंतीची. राज्यभर जागा मुबलक आहेत. चुरस आहे ती मोजक्या शहरांतल्या मोजक्या कॉलेजांसाठी. इनहाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक हे कोटे या दहाच्या बाहेर असल्याने तिथे वेगळा अर्ज करण्याची जुनी वाट अजून शिल्लक आहे.

बारावीनंतरच्या अभियांत्रिकीत मात्र राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे ‘कॅप’च्या फेरीसाठी तब्बल तीनशे पर्याय भरता येतात, कारण तिथे कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो. लगाम यादीच्या लांबीवर नाही, स्वीकारण्याच्या सक्तीवर आहे. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर प्रवेश तिथेच गोठतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तेच.

एका प्रक्रियेत एक अर्ज, हे सूत्र तरीही एकेका प्रक्रियेपुरतेच चालते. त्याच विद्यार्थ्याचे नाव जेईईतून आयआयटी-एनआयटीच्या ‘जोसा’ फेऱ्यांत असते, राज्याच्या कॅपमध्ये असते आणि एखाद्या अभिमत किंवा खासगी विद्यापीठाच्या यादीतही असते. यांच्या तारखा एकमेकींशी जुळवलेल्या नसतात. आधी निकाल लागतो तिथे फी भरून जागा धरायची, पुढचा निकाल चांगला लागला की ती सोडायची. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवून आणि फी बुडवून संस्था मुलांना बांधून ठेवत, अशा तक्रारी वाढल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत द्यावीत आणि प्रवेश किती दिवस आधी रद्द केला त्या प्रमाणात फी परत करावी, असे तीत सांगितले आहे. दाखल्याचे ते जुने कुलूप उच्च शिक्षणात तेव्हापासून नियमाने निघाले. एकाच वेळी दोन-तीन प्रक्रियांत जागा धरून ठेवणे आता शक्य आहे. त्यासाठी मध्ये अडकणारी फी घरात असावी लागते.