दोन किरणांची कुळकथा

शिरोळकडचा माणूस छातीचा फोटो काढायला मिरजेला जातो, तो क्ष-किरणांचा. कर्करोगावर 'शेक' घेतो, तो कधी क्ष-किरणांचा, कधी गॅमा किरणांचा. मग दोहोंत फरक तो कोणता?

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. १९०० साली पॅरिसात व्हिलार यांना रेडियममधून येणारे अतिभेदक किरण आढळले. रदरफोर्ड यांनी १९०३ मध्ये त्यांना गॅमा म्हटले. गॅमाचा जोर अधिक, हाच भेद, असे पुष्कळ दिवस मानीत. फोटोला लाखभर व्होल्ट पुरतात. कोबाल्ट-६० चे गॅमा त्याच्या दहा-बारा पट. पण आजच्या रुग्णालयांतले साठ लाख व्होल्टांचे क्ष-किरण त्यांनाही मागे टाकतात! तेव्हा जोरावरून कूळ ठरत नाही, उगमावरून ठरते. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांच्या धावपळीतून निघतात, गॅमा अणूच्या गाभ्यातून.

म्हणूनच बटण बंद केले, की क्ष-किरण संपले. कोबाल्ट काही बंद होत नाही. तो सव्वापाच वर्षांनी कुठे निम्मा होतो, म्हणून शिशाआड कोंडावा लागतो.

आणि वाचकहो, बाहेरून शेक घेतलेल्या आजाऱ्याच्या अंगात यांतला एकही किरण उरत नाही. त्याला खुशाल जवळ बसवा.