तंजावरचा तुटलेला दोर

1802 च्या सप्टेंबरात मद्रासच्या किनाऱ्यावर एक अवजड नग उतरला. लंडनहून निघालेला हा माल वाटेत फ्रेंचांच्या हाती लागला होता. त्यांनी जहाज पकडून मॉरिशसला नेले आणि पेटी उघडली. आत लंडनचे कारागीर विल्यम केरी यांनी घडवलेला थिओडोलाइट होता, म्हणजे दूरच्या दोन खुणांमधला कोन मोजण्याचे यंत्र. ते युद्धसाहित्य नसून शास्त्राचे साधन आहे, हे ओळखून तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी पेटी पुन्हा बांधली आणि सौजन्याच्या पत्रासह मद्रासला रवाना केली.

त्या काळी शत्रूने जहाज पकडले तर जहाजमालकाकडे भरपाई मागता येत नसे. देवाची करणी आणि राजाचे शत्रू ही दोन कारणे सोडून बाकीच्या नुकसानीला माल नेणारा जबाबदार, असा इंग्लंडचा जुना दंडक. लॉर्ड होल्ट या न्यायाधीशांनी 1703 मध्ये तो एका खटल्यात नेमका मांडला होता. जहाजवाले तर मालाच्या पावतीत आग आणि समुद्रावरचे सगळे धोकेही आपल्या अंगावरून काढून टाकत. उरलेली जोखीम मालकाने विमा उतरवून पत्करायची. लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराने 1779 मध्ये ठरवून दिलेल्या विम्याच्या मसुद्यात युद्धनौका, चाचे, चोर, समुद्रात फेकून द्यावा लागलेला माल, अशी संकटांची लांबलचक यादीच होती. पण विम्याने फार तर पैसे मिळाले असते. असे दुसरे यंत्र घडवून, सहा-सात महिन्यांचा प्रवास करून हिंदुस्थानात यायला काही वर्षे गेली असती.

फ्रेंचांच्या तावडीतून सुटलेल्या पेटीपुढे मद्रासचा किनारा होता, आणि तोही काही कमी धोक्याचा नव्हता. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल मसुला नावेतून किनाऱ्याला येई. या नावांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाट आपटली की नाव थोडी वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. खिळे मारलेली ताठ युरोपीय होडी त्याच लाटांत फुटायची. जड माल आदळण्यातून वाचवायचा तर त्याला धक्का सोसणारे, लवणारे काहीतरी लागते, हे कोरोमंडळच्या नावाड्यांना चांगलेच ठाऊक होते.

हे यंत्र विल्यम लॅम्टन यांनी मागवले होते. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत भाग घेतलेला हा लष्करी अधिकारी आता सगळे दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांच्या जाळ्यात बांधायला निघाला होता. एक पायारेषा साखळीने अचूक मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या खुणेचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण उभारत पुढे सरकायचे, अशी ती पद्धत. पहिली पायारेषा मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी 10 एप्रिल 1802 रोजी सुरू झाली. तेव्हा थिओडोलाइट पोचलाच नव्हता, पण साखळी हाताशी होती. तिचाही प्रवास ऐकण्यासारखा. लंडनचे यंत्रकार रॅम्सडेन यांच्या कारखान्यातली ती शंभर फुटी पोलादी साखळी आधी लॉर्ड मॅकार्टनी यांच्या वकिलातीबरोबर चीनच्या सम्राटाला नजर करायला गेली होती. तिथे ती नाकारली गेली, मग कलकत्त्यास आली आणि शेवटी लॅम्टन यांच्या हाती लागली.

थिओडोलाइटचे मुख्य वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते आणि त्याच्या कडेवर अंशांच्या रेघा कोरलेल्या. इतक्या मोठ्या वर्तुळावरही कोनाचा एक सेकंद म्हणजे कडेवर मिलिमीटरचा जेमतेम साडेचारशेवा भाग. तो सूक्ष्मदर्शकातून वाचायचा. एका सेकंदाची चूक झाली तर 50 किलोमीटरवरची खूण सुमारे पाव मीटर सरकते. आणि असे नाजूक यंत्र वजनाला अर्ध्या टनाच्या घरात! इंग्लंडमध्ये रॅम्सडेन यांचा याच व्यासाचा थिओडोलाइट स्प्रिंग लावलेल्या चार चाकी घोडागाडीतून फिरत असे, आणि तो वजनाला बराच हलका होता. इथे गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. चाकाचा हिसका वर्तुळाला बसू नये म्हणून अवजड यंत्रे माणसांच्या खांद्यावरून न्यायची हीच सर्वेक्षणाची रीत पडली.

डोंगर असले की काम सोपे होते. डोंगर चढायचा, माथ्यावर यंत्र मांडायचे आणि पलीकडचा डोंगर हेरायचा. कावेरीच्या खोऱ्यात मात्र डोंगर नाहीत. सपाट भातशेती आणि नजर अडवणारी ताडामाडांची रांग. तिथे उंच म्हणाल तर देवळे. म्हणून 1808 मध्ये लॅम्टन यांनी तंजावरचे बृहदीश्वर मंदिर निवडले. हजारेक वर्षांपूर्वी राजराज चोळाने बांधलेल्या या मंदिराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे 200 फूट उंच आहे.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. त्या वेळी तिथल्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, तरी किल्ला आणि ग्रंथालय यांत राजांचे मन रमले होते. शास्त्राची साधने आणि युरोपातली पुस्तके जमवण्याची त्यांना मनापासून आवड होती. भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या भिंतींवर 1803 मध्ये मराठीत कोरला गेला, आणि तो लेख आजही तिथे वाचता येतो. त्याच आवारात पाच वर्षांनी लॅम्टन यांच्या माणसांनी कप्प्या आणि दोर बांधायला घेतले.

उंच इमारतीवर जड पेटी चढवताना दोन दोर लागतात. एक पेटी वर ओढतो. दुसरा खालून ताणून धरायचा असतो, म्हणजे पेटी भिंतीपासून लांब राहते. तंजावरला हा ताणाचा दोर तुटला. अधांतरी लटकलेली पेटी झोका घेऊन भिंतीवर जोरात आदळली. यंत्र पेटीत होते, पण पेटीने ते वाचवले नाही. आघात नेमका वर्तुळाला धरून ठेवणाऱ्या पकडीवर आणि तिला सरकवणाऱ्या स्क्रूवर बसला. बाहेर आलेल्या त्या एका भागातून सगळा जोर वर्तुळात शिरला. तीन फुटांचे वर्तुळ वर्तुळ राहिले नाही. मधले आरेही वाकले.

आजही जड यंत्रे पाठवणारे याच भीतीने काम करतात. हलकी वस्तू आदळली तर खोका मार खातो. जड वस्तू आदळली की ती स्वतःच्याच वजनाने आतून मार खाते, आणि तोही सगळीकडे सारखा नाही, सर्वांत पुढे आलेल्या टोकावर. म्हणून पुढे आलेले भाग सोडवून वेगळे बांधायचे आणि वजन भक्कम पायाशी जखडायचे. तंजावरला पेटी समुद्रप्रवासासाठी बांधलेली होती की नुसती चढवण्यापुरती, यावरून फार फरक पडला नसता. पकड जागेवर होती आणि पेटीच्या भिंतीकडे तोंड करून होती.

माल नेणारा कोणी परका असता तर त्याच्यावर दावा लावता आला असता. इथे दोर आपला, माणसे आपली. लॅम्टन एका तंबूत शिरले आणि मुख्य कारागिरांखेरीज कोणालाही आत येऊ देईनात. त्यांनी यंत्राचा एकेक भाग सुटा केला. मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ कोरून घेतले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू ओढत त्या खाचेत बसवत नेली. वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. लोखंडी हातोडा पितळेवर खोच पाडतो, लाकडी पाडत नाही. सहा आठवड्यांनी यंत्र पुष्कळसे पूर्ववत झाले.

एवढ्याशा तंबूतल्या कामावर पुढची कित्येक वर्षे उभी राहिली. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची लांब माळ, म्हणजे महाकंस, याच यंत्राने पुढे नेली गेली. अर्थात आकार परत आला तरी कडेवरच्या रेघा जिथल्या तिथे राहिल्या असतील याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. लॅम्टन यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांना याच जखमी यंत्राने काम करावे लागले. तोच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या जागांवरून पुन्हा पुन्हा मोजायचा, म्हणजे एका ठिकाणची खोट दुसऱ्या ठिकाणी भरून निघते, ही शिस्त त्यांनी कसोशीने पाळली आणि सर्वेक्षण खात्यात रुजवली. चांगल्या यंत्राच्या आधारे काम करणाऱ्याला इतकी दक्षता कदाचित सुचली नसती. दक्षिणेतला जुना कंस मात्र पुढे 1860 आणि 1870 च्या दशकांत नव्या यंत्रांनी पुन्हा मोजावा लागला.

लॅम्टन यांनी ते पाहिले नाही. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात त्यांची कबर आहे. विदर्भात शाळा शिकलेल्या मुलांना एव्हरेस्ट हे नाव तोंडपाठ असते, पण ज्याच्या पायावर त्या शिखराची उंची मोजली गेली तो आपल्याच विदर्भात निजला आहे हे फारसे कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात त्यासाठी दोन ओळींची जागा असायला हवी.

एव्हरेस्ट प्रकृती सुधारायला इंग्लंडला गेले आणि 1830 मध्ये परतले ते नव्या यंत्रांसह. त्यांनी एक गोष्ट जाणून केली. नुसते यंत्र आणले नाही, हेन्री बॅरो हा यंत्रकारही हिंदुस्थानात आला. लंडनला दुरुस्तीसाठी पेटी परत पाठवायची म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा खोळंबा, आणि समुद्रावरचे तेच धोके पुन्हा दोनदा. लॅम्टन यांचा तंजावरी मार खाल्लेला थिओडोलाइट बॅरो यांनी नव्याने बांधून काढला. पुढे बॅरो गेल्यावर त्यांच्या जागी कोणाला नेमायचे हा प्रश्न आला. खात्यातले अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे काम उत्तम करत होते, पण एका हिंदी माणसाला ते पद द्यायला कंपनी सरकार राजी नव्हते. एव्हरेस्ट त्यांच्यासाठी हट्टाने भांडले. अखेर सर्वेक्षणाच्या यंत्रकाराचे पद मोहसीन हुसेन यांना मिळाले.