जुनी दुर्बीण, जुने डोळे

दोन डोळ्यांची जुनी दुर्बीण कुणी दाखवली की मला जॉर्ज अल्कॉक (१९१२-२०००) आठवतात. इंग्लंडमधल्या पीटरबरोचे, पेशाने माझ्यासारखेच शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरलेल्या दुर्बिणी तिकडे बाजारात आल्या आणि हौशी मंडळींनी त्या आकाशाकडे वळवल्या. अल्कॉक यांनी तर दुर्बिणीतून दिसणारे हजारो तारे चक्क पाठ केले होते! परका ठिपका आला की लगेच लक्षात येई. ऑगस्ट १९५९मध्ये पाच दिवसांत त्यांनी दोन धूमकेतू शोधले. मे १९८३मध्ये, वयाच्या सत्तरीत, घरात बसून बंद खिडकीच्या काचेतून आणखी एक टिपला. तो पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख कि.मी.वरून गेला.

जुन्या दुर्बिणीची परीक्षा ताऱ्यावरच घ्यावी. तारा टिंबासारखा दिसायला हवा. एकाचे दोन दिसले तर आतले लोलक सरकलेत असं समजा. भिंगाला बुरशी असेल तर नकोच. आणि आकडे वाचा. ७×५० मधून डोळ्यात येणारा झोत ५० भागिले ७, म्हणजे सुमारे ७ मि.मी. रुंद असतो. आमच्या वयात डोळ्याची बाहुली अंधारातही बहुधा ५ मि.मी.पर्यंतच उघडते. उरलेला प्रकाश वाया! आम्हां म्हाताऱ्यांना १०×५० बरी.

असो. साध्या डोळ्यांनी मला कृत्तिकेत आता चारच तारे दिसतात. दुर्बीण लावली की मोजताना गडबडायला होतं. पाठांतर तिथूनच सुरू केलंय.