क्रिस्टीनची गाणी, क्रिस्टीनच्या नावावर

आज इंग्लंडमधल्या एका गायिकेची गोष्ट ऐकूया. तिचं नाव क्रिस्टीन. जन्म १९४३चा, वाढली बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकला. माहेरचं आडनाव परफेक्ट, म्हणजे जिथं काही खोट नाही असं. वडील व्हायोलिनवादक आणि संगीतशिक्षक. ही मात्र शिकली शिल्पकला, आणि लंडनला गेल्यावर एका मोठ्या दुकानाच्या काचेत माल मांडून ठेवायचं काम करायची.

१९६७ साली ती 'चिकन शॅक' बँडमध्ये आली. बँड म्हणजे आपल्या वरातीतला नव्हे. गिटार, ड्रम, पियानो घेऊन गाणी करणारी चार-पाच जणांची मंडळी. ती पियानो वाजवायची आणि गायची. पुढच्या वर्षी जॉन मॅकव्हीशी लग्न झालं. तो 'फ्लीटवुड मॅक' या बँडमध्ये होता; त्या नावातलं 'मॅक' त्याच्याच आडनावाचं. १९७० साली क्रिस्टीनची एकटीची पहिली रेकॉर्ड निघाली, ती माहेरच्या नावानं. त्याच वर्षी ती नवऱ्याच्या बँडमध्ये गेली.

१९७४ला सगळे अमेरिकेत गेले. तिथं स्टीव्ही निक्स नावाच्या मुलीला बँडमध्ये घ्यायचं ठरत होतं. तेव्हा बँडप्रमुखानं आधी क्रिस्टीनला विचारलं, तुझं हिच्याशी जमेल का? दोघींचं छान जमलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं बायकांबद्दल फार बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

१९७६ साली 'रूमर्स' ही रेकॉर्ड तयार होत होती आणि क्रिस्टीन-जॉनचा संसार मोडला होता. तरी दोघं रोज एकाच स्टुडिओत. तिनं नव्या प्रेमावर गाणं लिहिलं. जॉननं विचारलं तर म्हणाली, कुत्र्यावर आहे! ताटातुटीवर लिहिलेल्या दुसऱ्या गाण्यात तो वर्षानुवर्षं साथ देत राहिला, पण ते आपल्यावरच आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

'साँगबर्ड' हे गाणं तिला मध्यरात्री सुचलं. अर्ध्या तासात झालं, पण जवळ टेप नव्हता. मग विसरायला नको म्हणून ती रात्रभर तेच वाजवत बसली.

'रूमर्स'च्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. आता इथं व्यवहार समजून घ्या. गाणं विकलं गेलं, रेडिओवर वाजलं, की ते लिहिणाऱ्याचा वाटा वेगळा निघतो. तो ज्याचं नाव कागदावर त्यालाच. क्रिस्टीनच्या गाण्यांवर क्रिस्टीनचं नाव होतं. लग्न मोडलं तरी गाण्यांवरचं नाव तिचंच राहिलं. कागदावरच्या नावाचं मोल तुम्हाला मी काय सांगू!

आडनाव मात्र तिनं मॅकव्हीच ठेवलं. १९८४ला एकटीची दुसरी रेकॉर्ड निघाली ती त्या नावानं.

१९९८ला तिनं बँड सोडला. विमानाची भीती बसली होती. केंट परगण्यातल्या खेड्यात जुनं घर दुरुस्त करत ती पंधरा वर्षं राहिली. मग उपचार घेऊन भीती घालवली आणि २०१४ला, सत्तरीत, पुन्हा बँडमध्ये आली.

३० नोव्हेंबर २०२२ला, ७९व्या वर्षी ती गेली. त्याच वर्षी तिच्या एकटीच्या गाण्यांचा संग्रह निघाला होता. त्याला नाव दिलं होतं त्या जागून काढलेल्या रात्रीच्या गाण्याचं, 'साँगबर्ड'.