पट-पट, जिगर आणि आमची ट्रॉली

शुक्रवारी रात्री उशिरा रिलीज एकदाचा पार पडला. शनिवारी सकाळी फोन सायलेंटवर टाकला आणि बाईक काढून डोंबिवलीला निघालो. आम्ही मानकोलीला राहतो. २०२४ मध्ये खाडीवरचा मोठागाव-मानकोली पूल सुरू झाल्यापासून डोंबिवली अगदी हाकेच्या अंतरावर आलीय. पलीकडे मोठागावचं रेल्वे फाटक आडवं येतं, हा भाग वेगळा.

तर फाटक बंद. दिवा-वसई लाईनवरून एक लांबलचक मालगाडी सावकाश निघून गेली. तेवढ्यात रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या चार माणसांनी खडीवरची एक चारचाकी गाडी उचलली आणि रुळांवर ठेवली. वर एक बाकडं, एक छत्री, एक लाल झेंडी. साहेब बाकड्यावर बसले, दोघं जण मागून ढकलत रुळावरूनच पळाले आणि वेग आल्यावर उडी मारून मागे बसले. शेजारच्या स्कूटरवरच्या पोरानं विचारलं, "बाबा, ह्या गाडीचं नाव काय?" बाबा म्हणाले, "असंच काहीतरी असतं रेल्वेचं."

मला नाव माहीत होतं. माझे आजोबा ट्रॉलीमन होते.

पण मी काही बोललो नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी नावांची गंमत.

रुळांची देखभाल करणाऱ्यांसाठीच्या या छोट्या गाड्या जगभर आहेत. त्यातल्या मोटर लावलेल्या गाड्यांना लोकांनी भारी भारी नावं दिली. अमेरिकेत 'स्पीडर'. आजच्या हिशोबानं तिचा वेग काहीच नाही, पण आधीची गाडी हातानं दांडा मारून चालवावी लागायची, तिच्यापुढे ही वेगवानच! दुसरं नाव 'पट-पट', कारण एका सिलिंडरचं इंजिन तसाच आवाज करायचं. ऑस्ट्रेलियात 'ट्राइक' आणि न्यूझीलंडमध्ये चक्क 'जिगर'. आपल्या जिगरशी त्याचा काही संबंध नाही, पण ट्रेनच्या वाटेवर असली गाडी न्यायची म्हणजे आपलाही अर्थ चालून जावा.

जर्मन, रशियन, पोलिश भाषांतलं नाव एका माणसावरून आलंय. कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थानं १८१७ मध्ये पायानं जमीन ढकलत चालवायची दुचाकी काढली. सायकलची ती पणजी. तिला 'ड्रेझीन' म्हणायचे. पुढे रस्त्यावर सायकल आली, आणि हे नाव रुळांवरच्या छोट्या गाडीला कायमचं चिकटलं.

आता आपल्याकडे या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. रूळ आले की ते रोज तपासणारी माणसंही आलीच. आपल्याकडे पुश ट्रॉली आहे, तशी मोटर ट्रॉलीही आहे. पण रुळाचा एकेक सांधा, एकेक चावी डोळ्यांखालून घालायची तर माणसानं ढकललेल्या गाडीचाच वेग बरा पडतो. म्हणून ती आजही टिकून आहे.

आणि तिची व्याख्या काय आहे माहितीये? रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये लिहिलंय: चार माणसांना रुळावरून उचलून बाजूला ठेवता येते ती ट्रॉली. तशीच पण त्याहून जड असेल तर ती लॉरी. तिला मोटर लावली की मोटर ट्रॉली. आणखी पुढे, अडीअडचणीला ट्रॉलीवर रूळ-स्लीपरसारखं जड सामान लादलं, तर तेवढ्यापुरती तिलाही नियमांच्या दृष्टीनं लॉरी समजायचं! आम्ही प्रोग्रॅमर लोक याला टाईप कास्टिंग म्हणतो. पण मी आजवर वाचलेल्या कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये वजनाचं एकक 'चार माणसं' नव्हतं.

या नियमामागे साधं कारण आहे. समोरून ट्रेन आली तर ट्रॉली झटकन उचलून बाजूला घेता आली पाहिजे. त्यासाठी पुलांवर आणि डोंगर कापून काढलेल्या वाटेत 'ट्रॉली रेफ्युज' नावाच्या जागा मुद्दाम बांधलेल्या असतात. ट्रेन रुळावर आली की तिच्या चाकांमधून ट्रॅक सर्किट जोडलं जातं आणि सिग्नलला कळतं की लाईनवर कुणीतरी आहे. ट्रॉलीमुळे उगाच सिग्नल लाल पडू नये म्हणून असं सर्किट असलेल्या भागात तिची चाकं इन्सुलेट केलेली लागतात. म्हणजे सिग्नलच्या लेखी ती तिथे नसतेच! मोटर ट्रॉलीसाठी ट्रेनसारखी लाईन मोकळी करून घेता येते. पुश ट्रॉलीचा भरवसा मात्र बहुतेक वेळा लाल झेंडीवर, कान-डोळ्यांवर आणि त्या चार माणसांच्या हातांवर.

आजोबांच्या तोंडून मी तिचं टोपणनाव कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "साहेबाची ट्रॉली." मला वाटतं फरक इथेच आहे. अमेरिकेतली गँग स्वतः स्पीडरवर बसून कामावर जायची. जी गाडी आपल्याला वाहून नेते तिला माणूस लाडानं हाक मारतो. आजोबा तिला वाहून न्यायचे. हुद्द्यांची नावं मात्र आपल्याकडे बदलत गेली. पी.डब्ल्यू.आय. चे सीनियर सेक्शन इंजिनिअर झाले, गँगमनचा ट्रॅकमन आणि पुढे ट्रॅक मेंटेनर झाला.

घरात आम्हीही हेच करायचो. पाहुण्यांना सांगायचं, "आजोबा रेल्वेत होते." शाळेत मी एक पायरी वर चढून त्यांना इंजिन ड्रायव्हर करून टाकलं होतं. एकदा मित्रानं घरी येऊन त्यांनाच विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठली ट्रेन चालवायचे?" आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लहान होती, साहेबांची स्पेशल." पुढे त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. मीही नाही. आता ते नाहीत.

परवा फाटकात गप्प बसलो तो याच जुन्या सवयीनं. मागून हॉर्न वाजायला लागले, फाटक उघडलं, स्कूटर पुढे निघून गेली. पुलावरून परत येताना मानकोलीच्या गोदामांसमोर हमाल ट्रक रिकामा करत होते. एकानं आत हाक मारली, "अजून दोघं या रे, हे चौघांचं आहे!"

तर बाळा, त्या गाडीला ट्रॉली म्हणतात. चार माणसांना उचलता येते म्हणून. त्या चौघांपैकी एक माझे आजोबा होते.