रजिस्टरमधली सात महिन्यांची गॅप

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजची गोष्ट तुमच्या खिडकीबाहेरच्याच गावाची आहे.

चिंचवडमधल्या एका छोट्या वाचनालयाचा मी सभासद आहे. मागे एकदा तिथल्या ताईंनी जुनं देवघेव रजिस्टर दाखवलं. लांबलचक, लाल पाठीची वही. एका पानावर मार्च २०२० मधल्या नोंदी, आणि त्याच पानावर पुढच्या ओळीत थेट ऑक्टोबर. मध्ये ना रेघ, ना शेरा. आमच्या कामात सर्व्हरच्या लॉगमध्ये अशी गॅप दिसली की आधी विचारतात, सिस्टिम बंद होती की फक्त नोंद होत नव्हती? मीही ताईंना तेच विचारलं. त्यांचं उत्तर जरा वेळाने सांगतो. आधी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने साथरोग नियंत्रणासाठी जो कायदा लागू केला, तो १८९७ चा. इंग्रजांनी तो आणला मुंबईत १८९६ च्या शेवटाला आलेल्या प्लेगसाठी. प्लेग पुण्यात पोचला, वॉल्टर रँड प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला, गोरे सोल्जर घराघरात घुसून तपासण्या करू लागले. लोकांना आजाराइतकीच या तपासणीची दहशत बसली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या झाडणारे चापेकर बंधू आपल्या चिंचवडचे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. म्हणजे एकाच साथीत एकाच परिसरातल्या माणसांनी किती वेगवेगळ्या वाटा धरल्या बघा. आणि ज्या कायद्याच्या काळात हे सगळं घडलं, त्याच कायद्याच्या आधाराने २०२० मध्ये चिंचवडच्या वाचनालयाला कुलूप लागलं. शाळेत चापेकरांवर निबंध लिहिला होता, पण हा धागा तेव्हा कुणी दाखवला नव्हता.

बरं, साथ आणि पुस्तक यांचं भांडणही जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये वाचनालयाच्या पुस्तकांतून रोग पसरतो अशी भीती इतकी पसरली की १९०७ च्या कायद्यात संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाने वाचनालयातून पुस्तक घ्यायचं नाही असं कलमच आलं. मोडलं तर ४० शिलिंगपर्यंत दंड! २०२० मध्ये तीच शंका परत आली, फक्त या वेळी प्रयोगशाळा हाताशी होती. अमेरिकेत 'रिअल्म' नावाच्या प्रकल्पात पुठ्ठ्याचं कव्हर, मिटलेल्या पुस्तकातलं पान, प्लास्टिकचं वेष्टण यांवर विषाणू किती टिकतो ते तपासलं. सुट्या पुस्तकांवर तीन दिवसांनी काही सापडलं नाही. मग त्यांनी पुस्तकं एकावर एक रचून ठेवली, तर सहा दिवसांनीही सापडला. पुढे कळलं की खरा धोका हवेतून आहे, वस्तूंना हात लावून फार कमी. पण तोवर जगभरच्या वाचनालयांत पुस्तकांचं क्वारंटाइन सुरू झालं होतं. ताईंच्याकडेही परत आलेल्या पुस्तकांसाठी एक वेगळं टेबल होतं, त्यावर तारखेच्या चिठ्ठ्या.

आता ताईंचं उत्तर. त्या म्हणाल्या, नोंद होत नव्हती, काम चालू होतं.

मार्चमध्ये दार बंद झालं तेव्हा वाटलं होतं पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न. ताई जवळच राहतात, किल्ली त्यांच्याकडेच. सूट मिळेल तशी आठवड्यातून एकदा त्या जाऊन खिडक्या उघडायच्या. कारण बंद खोलीतली पुस्तकं, तीही पावसाळ्यात, म्हणजे ओल, बुरशी आणि कसर. डांबरगोळ्या बदलायच्या, एकेक कपाट रिकामं करून पुसायचं, परत लावायचं. जुलैत पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात १४ ते २३ तारखेचा दुसरा कडक लॉकडाऊन लागला, त्या दहा दिवसांत तेही जमलं नाही. नंतर गेल्या तेव्हा खालच्या कप्प्यात वास मारत होता, हे त्या आजही नाराजीने सांगतात.

फाटकी पुस्तकं त्या पिशवीत भरून घरी न्यायच्या. सुई-दोरा, खळ, जुन्या कॅलेंडरचे जाड कागद. बाइंडिंग आधी थोडंफार यायचं, त्या महिन्यांत हात बसला. छंद वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही. संध्याकाळी बातम्या बघवत नव्हत्या म्हणून टीव्हीकडे पाठ करून शिवत बसायचे, एवढंच म्हणाल्या. आपण त्या काळात डालगोना कॉफी फेटत होतो, आठवतंय ना?

आणि फोन. रोज पेपर वाचायला येणारे पाच-सहा आजोबा होते. त्यात एप्रिल २०२० मध्ये घरोघर पेपर टाकायलाच राज्य सरकारने बंदी घातली. ती नंतर उठली, पण मुंबई-पुण्यात लगेच नाही. ज्यांचा दिवस पेपरच्या टेबलावर सुरू व्हायचा, त्यांचं टेबलही गेलं आणि पेपरही. ताईंनी सभासदांच्या अर्जांवरचे नंबर काढून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पुस्तकाबद्दल बोलणं दोन मिनिटं, बाकी औषधं, गावाला अडकलेली सून, कंपनी बंद म्हणून घरी बसलेला मुलगा. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात यंत्रं थांबली की घरात काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी बघितलंय.

यात पैशाची बाजू सांगायलाच हवी, कारण 'सेवाभाव' म्हटलं की ती नेमकी गाळली जाते. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. कोविडच्या वेळी ड वर्गाचं अनुदान होतं वर्षाला ३०,००० रुपये. महिन्याला अडीच हजार. यातच पगार, पुस्तकं, लाइट बिल! २०२२ च्या शेवटी ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८,०००. तरी तेव्हा महिन्याला चारच हजार झाले. माझ्या ऑफिसातल्या एका लायसन्सची किंमत याहून जास्त आहे, आणि ते लायसन्स कुणी वापरतही नाही. बंद काळात वर्गणीही थांबली. ताईंना काही महिने मानधन उशिरा मिळालं. माणसं धीराने राहिली हे खरं, पण त्यांना तसं राहावं लागलं हेही खरं. मला दुसऱ्या वाक्याचा राग येतो.

राज्याने वाचनालयं उघडायला परवानगी दिली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. हाच दिवस आपल्याकडे अब्दुल कलामांच्या जन्मदिवसाचा, वाचन प्रेरणा दिन. योगायोगच असावा. त्यानंतर महिन्याभरात दिवाळी. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा म्हणजे मराठी वाचनालयांचा खरा सीझन. त्या वर्षी अंक कमी आले, पण रजिस्टरची पानं भराभर भरलेली दिसतात. अभ्यासिकेतली मुलंही परतली. एमपीएससीची एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे पुढे ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, त्यामुळे त्यांना घरी अभ्यास होत नव्हता आणि बाहेर बसायला जागा नव्हती. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप.

रजिस्टरमध्ये ही दुसरी गॅप लहान आहे. पण तिच्यानंतरच्या पानावर एका नोंदीपुढे ताईंच्या अक्षरात 'मुलाने आणून दिले' असं लिहिलंय. पेपरच्या टेबलावरच्या आजोबांपैकी एकाचं पुस्तक. ते लाटेत गेले. मुलगा पुस्तक घेऊन आला आणि उशिराचा दंड किती ते विचारत दारातच उभा राहिला. ताईंनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. दंडाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तो मुलगा आता सभासद आहे, वडिलांच्याच नंबरावर.