पाव पैपासून पाव किलोच्या पुड्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात चहाचा मळा नाही. चहाच्या झाडाला आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि दमट हवा लागते. आपली काळी, चुन्याच्या अंशाची जमीन कापसाची, तुरीची, सोयाबीनची. तरीही घाटावर चिखली-मेहकरला काय किंवा घाटाखाली नांदुरा-शेगावला काय, पाहुण्याला पाण्याचा तांब्या दिला की पाठोपाठ चहा मांडलाच जातो. ही सवय आपोआप लागलेली नाही. ती लागावी म्हणून कोलकात्यात एक संस्था उभी राहिली. तिने पैसा जमवला, माणसे नेमली, गावोगाव केटल्या पाठवल्या. नावे बदलत बदलत तीच संस्था आज टी बोर्ड म्हणून काम करते आहे. तिने या देशाला चहा प्यायला लावले, हे तिचे मोठे यश. पण चहा चाखण्याची विद्या लिलावाच्या खोलीतच राहिली, ती आपल्यापर्यंत आली नाही. ही वाटचाल लिहिताना हेच मनात सलत राहते.

सुरुवातीला हा चहा आपल्यासाठी नव्हताच. आसामातल्या चहाचा पहिला लिलाव १८३९च्या जानेवारीत लंडनमध्ये झाला. २७ डिसेंबर १८६१ रोजी कलकत्त्यात देशातला पहिला लिलाव झाला तोही निर्यातीच्याच नजरेने. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचा रूळ मलकापूर-शेगावावरून पुढे जात १८६७मध्ये नागपूरला पोचला आणि १८७०मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला. या गाड्या आपला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेत होत्या. चहा त्या काळी इकडच्या घरात औषधापुरता किंवा साहेबाच्या बंगल्यापुरता होता. पुण्यातले पंचहौद प्रकरण आठवावे. १८९०मध्ये मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून टिळक, रानडे यांच्यासारख्या माणसांवर ग्रामण्य आले, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. वाद परधर्मीयाच्या हातचे घेण्याचा होता, चहाचा नव्हे; पण चहा अजून ओसरीवर उभा होता, माजघरात शिरला नव्हता, एवढे त्यावरून कळते.

१९०३मध्ये मळेवाल्यांनीच सरकारकडे मागणी करून स्वतःवर एक उपकर लावून घेतला. निर्यात होणाऱ्या प्रत्येक पौंडामागे पाव पै. रुपयाच्या १९२ पै, म्हणजे ७६८ पौंड चहा बोटीवर चढला की समितीच्या पेटीत एक रुपया पडे. या पैशाचा विनियोग करणारी टी सेस कमिटी ही आजच्या बोर्डाची पणजी. आरंभी तिची नजर अमेरिका-युरोपकडे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या येथे कामगारांसाठी चहाचे ठेले सुरू झाले. पंजाब, बंगाल आणि संयुक्त प्रांताकडच्या मोठ्या जंक्शनांवर छोट्या ठेकेदारांना केटल्या, कप आणि चहाचे पुडे देऊन उभे करण्यात आले. रेल्वे आणि चहा यांची जोडी जमली ती तेव्हापासून.

खरा जोर आला तो मंदीनंतर. परदेशात भाव कोसळले आणि १९३३च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारत, सिलोन व डच ईस्ट इंडीज यांच्या निर्यातीवर मर्यादा आली. चहा उरला, तो खपवायचा कुठे? देशातच. १९३७मध्ये जुन्या कमिटीच्या जागी इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड आले आणि प्रचाराची अशी लाट उठली की तिला तोड नव्हती. मोटारगाड्या बाजारात उभ्या राहून फुकट चहा पाजत. घरोघरी जाऊन प्रात्यक्षिक दाखवणारे लोक नेमले गेले. पडदा पाळणाऱ्या घरांत बायका जात. रेल्वेस्थानकांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या, त्यांवर देशी भाषांत आणि चित्रांसह कृती: किटली गरम पाण्याने विसळा, माणशी एक चमचा पत्ती टाका, ताजे उकळलेले पाणी ओता, पाच मिनिटे झाकून ठेवा, मग कपात गाळून वरून दूध-साखर. आजच्या जाहिराती नुसता हसरा चेहरा दाखवतात. त्या पाट्यांनी निदान पत्ती किती आणि वेळ किती हे लोकांना सांगितले. यासाठी मला त्यांचा आदर वाटतो.

विरोधही झाला. गांधीजींनी चहातल्या टॅनिनवर आणि एकूणच या सवयीवर टीका केली होती. चहा मळ्यांच्या गोऱ्या मालकांचा, मजुरांच्या हालअपेष्टांचा. तो राष्ट्रीय कसा म्हणायचा, हा प्रश्न साधा नव्हता. १९४७मध्ये बोर्डाने त्याला उत्तर दिले ते चित्रातून. चित्रकार अन्नदा मुन्शी यांच्या त्या भित्तिचित्रात चरख्यापाशी बसलेली स्त्री हातात चहाचा कप धरून आहे आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे जाहीर केले आहे. मळे बहुतेक अजून परक्यांच्याच हातात असताना केलेला हा दावा धाडसी होता. पण पीक इथले, मजूर इथला आणि यापुढे पिणाराही इथलाच, एवढ्यापुरता तो खराही ठरला.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, १९४९चा आणि मग १९५३चा. १ एप्रिल १९५४ रोजी आजचे टी बोर्ड स्थापन झाले. परवाने, संशोधनाला मदत, लिलावाचे नियम, निर्यातीचा प्रचार ही कामे त्याच्याकडे आली. त्यांचा तपशील येथे लांबवत नाही, कारण आपल्या पातेल्यात क्रांती घडवली ती कायद्याने नव्हे, एका यंत्राने.

आसामातल्या अमगुडी मळ्यावर १९३०च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र तयार केले. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान जाते. ते चिरडले जाते, फाटते आणि गोळी होऊन बाहेर पडते. पानाच्या पेशी फुटल्या की त्यांतले कॅटेचिन हवेशी झपाट्याने संयोग पावते आणि थिअफ्लेव्हिन व थिअरुबिजिन तयार होतात. पहिल्याने चहाला झळाळी आणि जिभेवरची तरतरी येते, दुसऱ्याने रंग आणि भरीवपणा. पुढे टोकलाई संशोधन केंद्रातल्या मॅक्टिअर यांच्या रोटरव्हेन यंत्राची जोड मिळाली आणि दाणेदार चहाचे राज्य सुरू झाले. आज देशातल्या चहात सुमारे नव्वद टक्के वाटा सीटीसीचा आहे. माणशी दोन ग्रॅम धरले तर किलोभर पत्तीत पाचशे कप निघतात. गरिबाघरी रोज दोनदा चहा होऊ लागला तो या हिशेबामुळे.

या दाण्यापुढे पाटीवरची कृती टिकली नाही. विक्रेत्यांनी आणि गृहिणींनी पत्ती थेट पातेल्यात टाकली, आले ठेचून घातले, दूध-साखर एकत्र उकळली. प्रचारकांना हे पसंत नव्हते. मला मात्र यात बिघाड दिसत नाही. सीटीसीचा अर्क दाट आणि तुरट असतो. दुधातले केसीन त्या तुरटपणाला धरून ठेवते, साखर त्याची धार बोथट करते. आपला चहा ही या पत्तीवर इथल्या माणसांनी शोधून काढलेली योग्य रीत आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट झाकली जाते: आल्या-साखरेखाली पत्ती चांगली आहे की जुनाट, हे ओळखू येत नाही.

लिलावघरातला चाखणारा म्हणूनच पत्ती नुसत्या पाण्यात काढतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१०३ (पहिली आवृत्ती १९८०) ही पद्धत नेमकी सांगते: शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती, चिनी मातीचे पांढरे भांडे, उकळते पाणी, झाकण, सहा मिनिटे. मग अर्क वाटीत ओतायचा आणि उरलेला चोथा झाकणावर उलटा ठेवायचा. चाखणारा आधी चोथा पाहतो. तांब्यासारखा लख्ख असेल तर कारखान्यात काम नीट झाले, हिरवट किंवा काळवंडलेला असेल तर नाही. मग जोराने भुरका मारतो, म्हणजे अर्क फवाऱ्यासारखा टाळूपर्यंत जातो, आणि थुंकतो. अर्क ‘ब्रिस्क’ म्हणजे तरतरीत आहे की ‘फ्लॅट’ म्हणजे मिळमिळीत, त्याला ‘बॉडी’ म्हणजे भरीवपणा आहे का, धुराचा किंवा करपल्याचा वास आहे का, यावर लिलावातला भाव ठरतो. सीटीसीत थोडे दूध घालूनही पाहतात. रंग सोनेरी-तांबूस उतरला तर पत्ती दूध पेलते, करडा पडला तर नाही.

ही विद्या आपल्या जिल्ह्यात हवी, आणि त्याचे कारण आहे पाणी. पूर्णा नदीच्या काठचा खारपाणपट्टा अमरावती-अकोल्याकडून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागात येतो. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले की चहाचा अर्क गडद पण मंद होतो, लाली जाते आणि वर तवंग धरतो. हा तवंग कॅल्शियम आणि चहातल्या घटकांनी मिळून तयार होतो, त्यात पत्तीचा दोष नसतो. घाटाखालच्या कित्येक घरांत ‘ही पत्ती बरी नाही’ म्हणून पुडा बदलतात, तेव्हा बदलायचे असते ते पाणी. वान धरणाचे नळाचे पाणी किंवा आरओचा जार आला की तीच पत्ती एकदम उजळते. उलट आरओच्या अगदी मऊ पाण्यात काही पत्त्या जास्त तुरट लागतात, तिथे चिमूटभर कमी टाकावी.

घरी पाहायचे असेल तर सोपे आहे. एकाच पुड्यातली पत्ती, सपाट लहान चमचा म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, शंभर मिलिलिटर पाणी. एका पांढऱ्या कपात विहिरीचे, दुसऱ्यात नळाचे, तिसऱ्यात जारचे. तिन्ही खळखळून उकळलेले, सहा मिनिटे झाकलेले. कोरा चहा खिडकीच्या उजेडात पाहावा, कोमट झाल्यावर चाखावा, मग प्रत्येकात सारखेच दूध. पुढच्या वेळी पाणी एकच आणि पत्त्या वेगळ्या. भेसळीची शंका असेल तर पत्ती ओल्या गाळणकागदावर पसरावी; लगेच रंगाचे डाग उमटले तर तो रंग वरून लावलेला आहे. लोहकणांसाठी चुंबक फिरवावे.

टी बोर्डाचे आजचे काम फार पसरलेले आहे. देशात दरवर्षी सुमारे १३०० दशलक्ष किलो चहा होतो आणि त्यातला सुमारे ऐंशी टक्के आपणच पितो. १९५०च्या आसपास हे प्रमाण जेमतेम पाव होते. जवळपास निम्मे पान आता लहान उत्पादकांच्या शेतातून येते. २०१६पासून लिलाव देशभर एका ऑनलाइन व्यवस्थेत जोडले गेले. ठेल्यावरच्या चहाला लागणारा डस्ट दर्जाचा माल लिलावातूनच विकावा, असा आदेश २०२४मध्ये निघाला, म्हणजे त्याच्या तपासणीला वाव मिळावा. ही पावले चांगली आहेत, पण ती सगळी पुडा बांधला जाण्याआधीची. पुडा फोडणाऱ्यासाठी बोर्डाने १९३०च्या दशकासारखे काम पुन्हा हाती घ्यावे. खामगावच्या बाजार समितीत, शेगावच्या स्थानकात, मलकापूरच्या बसस्टँडवर पांढऱ्या कपांचे टेबल मांडावे, तालुक्यातलेच पाणी वापरावे आणि कोरा चहा चाखून दाखवावा. मराठीत एक पाटीही लावावी: दोन ग्रॅम, शंभर मिलिलिटर, सहा मिनिटे. आणि पुड्यावर पत्ती तयार झाल्याचा हंगाम छापणे बंधनकारक करावे, कारण पुडा बांधल्याच्या तारखेवरून आतली पत्ती किती जुनी हे गिऱ्हाइकाला कळत नाही.